बेळगावहून तीन दिवस मालवण-वेंगुर्ला: आधी काय, नंतर काय?

टिळकवाडीकर
जानेवारीत घरची अकरा माणसं मालवणला निघालोय. आईची सत्तरी झाली, गुडघे दुखतात. मुलं आठ ते पंधरा वयाची. शुक्रवारी पहाटे निघायचं आणि रविवारी रात्री घरी. टेम्पो ट्रॅव्हलर भाड्यानं घेणार. सिंधुदुर्ग किल्ला, देवबागचा संगम, डॉल्फिन, वेंगुर्ला, रेडीचा गणपती एवढं करायचंय. स्कूबा रविवारी सकाळी उरकून, जेवून घाट चढायचा असा बेत आहे. क्रम बरा आहे का? आणि आंबोली घाट की तिलारी?

खानापूरचा पाणबुड्या
बाकी काही बदला न बदला, स्कूबा रविवारवरून हलवा. पाण्याखाली दाबाची हवा श्वासात जाते, तेव्हा नायट्रोजन रक्तात जास्त विरघळतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. तो पुरता निघायच्या आत तुम्ही उंचावर गेलात तर बाहेरचा दाब कमी होतो आणि अंगातच बुडबुडे धरू शकतात. सांधेदुखी, मुंग्या, चक्कर ही त्याची लक्षणं. म्हणूनच एका बुडीनंतर निदान 12 तास आणि जास्त बुड्यांनंतर 18 तास विमान टाळायला सांगतात. आपल्याकडं विमान नसलं तरी आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे आणि बेळगाव 750 च्या आसपास. मालवणची पर्यटकांची बुडी उथळ आणि थोड्या वेळाची असते, त्यामुळं धोका कमी. पण शनिवारी सकाळी बुडी मारली तर मध्ये पूर्ण रात्र मिळते, मग तो उगाच कशाला घ्यायचा?

कानाचं मुलांना आदल्या दिवशीच शिकवून ठेवा. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि हळू फुंकायचं. खाली जायला सुरुवात झाली की लगेच, मग दर मीटरभराला एकदा. कान दुखायला लागल्यावर फुंकून उपयोग नाही, कानातून घशाकडं जाणारी नळी तोवर दबलेली असते. थोडं वर या, पुन्हा फुंका. सर्दी असेल त्यानं उतरूच नये. पाण्याखाली श्वास कधीही कोंडून धरायचा नाही, वर येताना तर मुळीच नाही: फुप्फुसातली हवा वर येताना फुगते. दमा, फिट्स, हृदयविकार, गरोदरपण असेल त्यांनी बोटीतच थांबावं. दहा वर्षांखालच्या मुलांना स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघणं) द्या, लाइफ जॅकेट घालून. दाट मिशी असेल तर मास्कमध्ये पाणी झिरपतं, वरच्या ओठाला थोडं व्हॅसलिन लावा.

दर्याकाठ
वर म्हटलंय ते बरोबर. आता पाण्याचं बघू. दिवस ठरवण्याआधी कालनिर्णय उघडून तिथी बघा की. या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण सकाळी अकराच्या आसपास भरते, ओहोटी संध्याकाळी पाचच्या सुमारास. पुढं रोज पाऊण तासाहून थोडी उशिरा. अष्टमीच्या सुमाराला हे उलटं होतं, ओहोटी सकाळी अकराला येते. हा अंदाज. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा, नाहीतर जेटीवर विचारा.

तिथीचा फायदा कुठं? अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, प्रवाह जोरात आणि वाळू ढवळलेली, त्यामुळं पाणी गढूळ. अष्टमीच्या आगंमागं पाणी संथ, तळ स्वच्छ दिसतो. स्नॉर्कलिंगला तेच दिवस धरा आणि सकाळीच उतरा, दुपारनंतर वारा सुटून लाटा वाढतात. डॉल्फिनही सकाळीच, कारण सपाट पाण्यावर पाठीचा पर लांबून दिसतो.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथं ओहोटी चालू असताना कमरेएवढ्या पाण्यातही मुलांना सोडू नका. नदीचं आणि खाडीचं सगळं पाणी त्या चिंचोळ्या तोंडातून बाहेर ओढतं, पोहणाऱ्यालाही परतता येत नाही. मुलांना डुंबायचं असेल तर तारकर्लीच्या उघड्या किनाऱ्यावर, तेही गुडघाभर पाण्यात. तिथं एकच खूण लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत, गडद दिसतो, तर तो पट्टा सुरक्षित नसतो. पाणी तिथूनच परत समुद्रात ओढलं जातं. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर या.

शहापूरची वहिनी
तुमच्या आईंना किल्ला जरूर दाखवा, पण शुक्रवारी दुपारी नको. घाट उतरून आलेलं अंग, वर ऊन. मालवणच्या जेटीवरून होडी पंधराएक मिनिटांत पोचते. त्रास प्रवासाचा नाही, चढण्या-उतरण्याचा. होडी हलते आणि पायरी ओली असते. आईंना शेवटी चढवा, आधी उतरवू नका, आणि दोघांनी दंड धरा, नुसता हात नको. मागच्या पट्ट्याची सँडल घाला, स्लिपर नको. होडीवाले परतीसाठी साधारण तासभर देतात, तेवढ्यात सगळा तट फिरून होत नाही. आईंसोबत शिवराजेश्वराचं मंदिर आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी बघा. तटावर मुलं जातील. 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केलं. तट नागमोडी का आहे ते मुलांना तिथंच वरून दाखवा, खालून कळत नाही.

त्यापेक्षा शुक्रवारी संध्याकाळी मालवण बंदरावर मासळीचा लिलाव बघा. बसून बघता येतो, पैसे लागत नाहीत.

पाटणे फाटा
रस्ता: शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, दाणोली, सावंतवाडी, कुडाळ, मालवण. ट्रॅव्हलरला तिलारी घाट नको, उतार तीव्र आणि वळणं आवळ. गाडीवाल्याला महाराष्ट्राचं परमिट किंवा ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का ते आगाऊ विचारा. पिवळ्या पाटीच्या भाड्याच्या गाडीला शिनोळीपुढं, म्हणजे महाराष्ट्रात शिरल्यावर, ते लागतं आणि दंड झाला की भाडेकरूच्याच गळ्यात घालायला बघतात. आंबोली अंधाराआधी चढा, रात्री रस्त्यावर गवे येतात.

टिळकवाडीकर
फार उपयोग झाला. म्हणजे शनिवारी सकाळी स्कूबा आणि डॉल्फिन, दुपारी आराम, भरती बघून संगम. किल्ला आणि वेंगुर्ला-रेडी दोन्ही रविवारी बसेल काय? आणि येताना मासे आणावेत म्हणते घरची मंडळी.

दर्याकाठ
दोन्ही नाही बसणार. किल्ला शनिवारी चारच्या आत उरका, संगम आकसून घ्या. रविवारी सकाळी परुळे-म्हापणवरून वेंगुर्ला, मग शिरोडा, रेडी आणि तिथूनच सावंतवाडी. मालवणला परत यायची गरज नाही. शिरोड्याला थांबलात तर 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाचं मुलांना सांगा, मिठागरं तिथलीच.

शहापूरची वहिनी
मासे रेडीचं दर्शन झाल्यावर घ्या, आधी नको. पोट काढून, धुऊन घ्या. थर्माकोलच्या पेटीत जेवढी मासळी तेवढाच कुटलेला बर्फ. खाली बर्फ, मग मासे, वर बर्फ. तळाला भोक ठेवा, वितळलेल्या पाण्यात मासे राहिले की लगेच मऊ पडतात. बांगडा आणि सुरमई गरम राहिली तर त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही, खाल्ल्यावर तोंड लाल होऊन डोकं ठणकतं. रस्त्यात पेटी उघडायची नाही, सावंतवाडीत चहाला थांबलात तरी गाडी सावलीत लावा. कालवं आणि तिसऱ्या आणू नका, त्या तिथंच खाऊन या.