ऑफिसला निघण्याआधी पखवाजाचा रियाज: सकाळ कशी बसवायची?

वायरीचा_लिपिक

नमस्कार मंडळी. मालवणजवळ वायरीला राहतो, ओरोसला सरकारी कार्यालयात लिपिक आहे. २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून आमची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. शनिवार मोकळा मिळाला, पण रोजची संध्याकाळ गेली. घरी पोचेपर्यंत साडेसात, मग आईची औषधे, मुलीचा अभ्यास, जेवण.

पखवाज शिकतोय. गुरुजी शनिवारी शिकवतात आणि त्यांचे म्हणणे, आठवड्यातून एकदा वाजवून हात तयार होत नाही. खरेच आहे ते. म्हणजे उरली सकाळ. साडेपाचला उठतो, पण सहाला नळाला पाणी येते ते भरायचे, मुलीचा डबा, आठची एसटी. त्यात शेजाऱ्यांची भिंत आमच्या भिंतीला लागून. एक तास तरी रियाजाला मिळावा अशी फार इच्छा आहे. नोकरी सांभाळून काही शिकणाऱ्यांनी सांगा, तुम्ही कसे जमवता?

मुक्कामाची_गाडी

वयाने लहान असशील असे धरून तू म्हणतो. मी एसटीत वाहक होतो, आता निवृत्त. भजनात पखवाज वाजवतो. आमच्या ड्युट्या बदलत्या, कधी पहाटेची पहिली फेरी, कधी मुक्कामाची गाडी. घड्याळाला बांधलेला रियाज त्यात टिकलाच नसता. म्हणून मी वेळ न ठरवता क्रम ठरवला. तोंड धुतले की पखवाज, चहा त्यानंतर. चहा घेतला की बोलणे सुरू होते, बोलता बोलता कामे आठवतात आणि सकाळ संपते. आणि तासाचा हट्ट धरू नकोस. अर्धा तास रोज मिळाला तरी हातात फरक पडतो.

मुक्कामाच्या गावी पखवाज कुठला असणार? गाडी देवळासमोर लावलेली असायची, मी सभामंडपाच्या पायरीवर बसून पढंत करायचो, म्हणजे बोल तोंडाने म्हणायचो. चौताल घे. धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन. १२ मात्रा. टाळी १, ५, ९ आणि ११ वर, खाली, म्हणजे टाळीऐवजी रिकामा हात, ३ आणि ७ वर. तोंडाने बोल, हाताने ताल, आधी सावकाश, मग दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत. शेजारी झोपलेले असताना हेच कर. तोंडात बोल अडखळत असेल तर हात अडखळणारच, आणि तरीही शिकणारी मुले पढंत टाळतात याचे मला मनापासून वाईट वाटते. वाडी जागी झाली की मग थाप.

आता पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडावरच्या चामड्याला, लावायची कणीक, कारण सकाळचा वेळ खरा तिथेच जातो. आपल्याकडे सकाळी घावणे नाहीतर पेज, गव्हाची कणीक मळलेली नसतेच. तू उठून पीठ शोधणार, त्यात कोणीतरी जागे होणार. गव्हाच्या पिठाचा छोटा डबा, पाण्याचा तांब्या आणि फडके रात्रीच पखवाजाशेजारी ठेव. डावी पुडी ओल्या बोटांनी पुसून घे. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा जरा सैल भिजव, गोळा मधोमध दाब आणि कडा पातळ करत ने. कणीक कोरडी राहिली तर वाजवताना कड सुटते, जास्त झाली तर आवाज बसतो. थोडी थोडी लावत जा, थाप मारून ऐक, खर्ज, म्हणजे खालचा घुमणारा स्वर, भरून आला की थांब. उठताना सगळी खरवडून काढ आणि पुडी पुसून घे. राहिली तर झुरळे-उंदीर पुडी कुरतडतात. हे लावणे-काढणेसुद्धा रियाजातच धर.

फिरती_पाळी

मी वेंगुर्ल्याची, परिचारिका आहे. काकांचे पटले, फक्त झोपेचे सांगते. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी. साडेपाचला उठायचे तर साडेदहाला डोळे मिटलेले पाहिजेत, नाहीतर महिन्याभरात सगळे बारगळेल. दुसरे म्हणजे उजेड. शरीरातले घड्याळ सकाळच्या उजेडावर जुळते. हे घड्याळ पेशींमध्ये कसे चालते ते शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडे मे अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. थंडीत उठणे जड जाते ते त्यामुळेही, त्याला आळस म्हणू नका. उठल्याबरोबर मोठा दिवा लावा, उजाडले की पडवीत बसून वाजवा. संध्याकाळी एसटीतून उतरल्यावरचा चहा सोडता आला तर बघा, कॅफिन निम्मे व्हायलाच साधारण पाच तास लागतात. आणि आईंच्या औषधांच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय मागेपुढे करू नका.

रापणकार

भावा, पाणी भरूक उभो कित्याक रवतस? टाकी बसय, बॉलकॉक लाव, पाणी आपसूक भरता. आमची रापणीची वेळ भरती-ओहोटीवर, ती रोज पाऊण-एक तास पुढे सरकता. तरी काम अडना नाय, कारण जाळा आदल्या रातीच रचून ठेवलेला असता.

वायरीचा_लिपिक

सर्वांचे मनापासून आभार. टाकीचे या रविवारी बघतो. रात्री बायकोशी बोललो. ती म्हणाली, सकाळ तुमची तशी मलाही हवी. मंगळवारी आणि शुक्रवारी मुलीचे सगळे मी बघायचे, त्या दिवशी ती किनाऱ्यावर चालायला जाणार आणि मी फक्त पढंत करणार. इतर दिवशी पखवाज. हे तिने सांगितले ते फार बरे झाले, माझ्या डोक्यात ते आलेच नव्हते.

काका, एक विचारतो. पावसात पुडी सैल पडते आणि सकाळी स्वर लागत नाही. अर्धा तास वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकण्यातच जाईल का?

मुक्कामाची_गाडी

सकाळी ठोकत बसू नकोस. दमट हवेत पुडी ओल धरते आणि स्वर उतरतो. रोज ठोकून ताण वाढवलास तर ऊन पडल्यावर पुडी ताणून फाटायची भीती. पखवाज जाड कापडात गुंडाळून फळीवर ठेव, जमिनीवर नको. चुलीच्या धगीला तर मुळीच नको, चामडे कडक होते. बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पूस. स्वर अगदीच उतरला असेल त्या दिवशी पढंत कर आणि शनिवारी पखवाज गुरुजींकडे घेऊन जा. हातोडी कुठे आणि किती मारायची हे त्यांच्यासमोर बसूनच शिकायचे. तुझ्या बायकोला माझा नमस्कार सांग, तिने वाटणी बरोबर केली.