मदत हवी आहे : जुन्या गाडीतील बदलांसाठी आलेले ई-चलान

नमस्कार. गेल्या रविवारी रात्री नाशिकच्या गंगापूर रोडवरील नाकाबंदीत माझी गाडी थांबवण्यात आली आणि आधीच्या मालकाने बसवलेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर व बदललेले इंजिन ट्यूनिंग यांसाठी मला ई-चलान करण्यात आले. हे बदल आरसीवर (वाहन नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदलेले नाहीत आणि गाडी घेताना मी ते तपासले नाहीत, ही चूक मला मान्य आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८२-अ(४) प्रमाणे अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो, हेही मी वाचले आहे. मात्र चलानात आवाजासाठी कलम १९०(२)सुद्धा लावले आहे, ज्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी अपात्र ठरण्याची तरतूद आहे, आणि जागेवर आवाज मोजण्याचे यंत्र वापरलेच गेले नाही. (आमच्या सोसायटीतही या आवाजाने वृद्धांची झोपमोड होत असे, त्यामुळे सायलेन्सर मी काढणारच आहे.)

मूळ सायलेन्सर बसवून पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात तपासणी करून घेतल्यास न्यायालयात त्याचा विचार होतो का? मोजमापाविना लावलेल्या कलमावर आक्षेप कोठे नोंदवावा? नाशिकमध्ये कोणी असे प्रकरण निकाली काढले असल्यास कृपया सविस्तर कळवावे.