मदत हवी आहे: दारावरचा कॅमेरा घरच्यांचे चेहरे ओळखत नाही

नमस्कार मंडळी,

साताऱ्याच्या घरी आई-बाबा दोघंच असतात, मी नोकरीसाठी पुण्यात. बाबांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. अलीकडे ते कुणाला न सांगता चपला घालून बाहेर पडतात आणि परतीची वाट विसरतात. म्हणून चेहरे ओळखणारा कॅमेरा घेतला. बाबा एकटे बाहेर पडले की आईचा आणि माझा फोन वाजावा, आणि दूधवाला, पेपरवाला, मावशी यांच्या येण्याजाण्याने वाजू नये, एवढंच हवंय.

कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, लेन्स २.८ मिमीची. इलेक्ट्रिशियनने तो पोर्चच्या स्लॅबखाली, दाराच्या डोक्यावर नऊ फुटांवर फाटकाकडे तोंड करून लावलाय. फाटक दारापासून वीसेक फूट. घर पूर्वाभिमुख आहे.

प्रकार असा होतो: बाबा बाहेर जाताना कॅमेरा एकदाही त्यांचं नाव सांगत नाही, नुसतं ‘व्यक्ती दिसली’ म्हणतो. ते परत येताना कधी ओळखतो, कधी ‘अनोळखी’. सकाळी तर आईसुद्धा अनोळखी ठरते. धुणीभांडी करणाऱ्या मावशींना मात्र तो बऱ्याचदा आई समजतो. संध्याकाळी पोर्चची ट्यूब लावली की चित्रात आडवे पट्टे फिरतात, आणि रात्री चेहरे पांढरेफटक दिसतात.

फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, सेन्सिटिव्हिटी वरखाली करून पाहिली, फॅक्टरी रीसेटही केला. चेहऱ्यांची नोंद करताना सगळ्यांचे पासपोर्ट फोटो दिलेत. कस्टमर केअरवाले रीसेटच्या पुढे जात नाहीत. सेटिंगमध्ये काही राहतंय, की कॅमेराच बदलावा? आईला रात्रीची झोप लागत नाही, त्यामुळे जरा घाईने विचारतोय.

प्रतिसाद १

कॅमेरा बदलू नका, जागा बदला. मी हेच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, बाबा बाहेर पडतात तेव्हा कॅमेऱ्याला त्यांची पाठ दिसते. जगातलं कुठलंही फेस रेकग्निशन पाठीवरून माणूस ओळखत नाही. तुमची मुख्य गरज जाण्याची आहे आणि कॅमेरा बसलाय येणाऱ्यांसाठी. तो घराच्या आत, दाराकडे चालत येणाऱ्याचा चेहरा समोरून दिसेल असा लावावा लागेल.

दुसरी, उंची. माणसाचा चेहरा पाच फुटांवर धरा आणि कॅमेरा नऊ फुटांवर. माणूस चार फुटांवर आला की कॅमेरा त्याच्याकडे ४५ अंशांतून खाली बघतो, म्हणजे दिसतं कपाळ आणि केस. बाबांनी कानटोपी घातली तर तेही नाही. मग लांबून ओळखावं म्हटलं, तर २.८ मिमीच्या लेन्सचा आवाका साधारण १०० अंशांचा. वीस फुटांवर १९२० पिक्सेल जवळपास साडेचौदा मीटर रुंदीवर पसरतात, मीटरला १३० च्या आसपास. चेहऱ्याच्या वाट्याला वीसच पिक्सेल येतात. सीसीटीव्हीसाठीच्या आयईसी ६२६७६-४ या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात ओळखीचा माणूस पडद्यावर ओळखायला मीटरला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५० पिक्सेल धरलेत, तेही बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी, सॉफ्टवेअरसाठी नव्हे. जवळ कोन वाईट, लांब चेहरा बारीक, मधल्या पट्ट्यात कधीतरी जमतं. म्हणूनच तुम्हाला ‘कधी ओळखतो, कधी नाही’ असं दिसतंय. तोच कॅमेरा साडेसहा फूट उंचीवर आणला तर चार फुटांवरच्या माणसाकडे कोन वीस अंशांवर येतो. तेवढं चालतं.

सकाळचा त्रास उन्हाचा आहे. पूर्वेचं ऊन येणाऱ्याच्या पाठीमागे, चेहरा काळा. डब्ल्यूडीआर (उजेड आणि सावली दोन्ही सांभाळणारं सेटिंग) चालू करा, पण आतल्या बाजूला कॅमेरा आणलात तर हा प्रश्नच उरणार नाही. फक्त खिडकी त्याच्या समोर येऊ देऊ नका. पट्ट्यांसाठी सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर (दिव्याची लुकलुक चित्रात येऊ न देणारी सोय) ६० हर्ट्‌झवर असेल, आपली वीज ५० हर्ट्‌झची, तिथे ५० निवडा. रात्रीचा पांढरेपणा म्हणजे कॅमेऱ्याचे अंधारात बघण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे चेहऱ्यावर भपकन पडतात आणि वरच्या स्लॅबवरूनही उजेड परत येतो. पॅसेजमध्ये बारीक एलईडी रात्रभर चालू ठेवा, म्हणजे कॅमेरा रंगीतच राहील.

प्रतिसाद २

मावशींबद्दल. हे सॉफ्टवेअर चेहऱ्याचे आकडे बनवतं आणि नोंदवलेल्या चेहऱ्यांपैकी सगळ्यात जवळचे आकडे कुणाचे ते बघतं. मावशींची नोंदच नसेल तर जवळची म्हणून आई निघते. मावशींना विचारून त्यांचाही चेहरा वेगळ्या नावाने घाला, आणि जुळणीची मर्यादा ॲपमध्ये असेल तर थोडी वाढवा. न विचारता मात्र कुणाचा चेहरा नोंदवू नका, घरात काम करणाऱ्या माणसाचा तर नाहीच.

पासपोर्ट फोटो काढून टाका. त्याच कॅमेऱ्याने टिपलेले, त्याच जागेवरचे चेहरे द्या: चष्म्यासकट, चष्म्याविना, आईचे डोक्यावर पदर घेतलेले. धूसर किंवा काळेपांढरे फोटो भरू नका, त्याने गोंधळ वाढतो.

प्रतिसाद ३

माझ्या सासऱ्यांनाही हाच आजार होता, म्हणून कळकळीने सांगते. बाबांची सुरक्षा चेहरा ओळखण्यावर सोडू नका. दाराला चुंबकाचा साधा सेन्सर लावा. दार उघडलं की घंटी वाजते, चेहरा कुणाचाही असो. आईला झोपेतून जाग येईल असा आवाज ठेवा. दाराला बाहेरून कुलूप घालू नका, आग लागली तर अनर्थ होईल. बाबांच्या सगळ्या सदऱ्यांच्या खिशात नाव आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, रिक्षास्टँडवर सांगून ठेवा. आमच्याकडे त्यांना घरी आणून सोडलं ते रिक्षावाल्यांनीच.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पाठ दिसते हे इतक्या दिवसांत कुणीच सांगितलं नव्हतं, कस्टमर केअरनेही नाही. दाराचा सेन्सर आजच मागवतोय, रिक्षास्टँडवर आई उद्या बोलेल. शनिवारी जाऊन कॅमेरा पॅसेजमध्ये घेतो. एकच शंका: पॅसेज जेमतेम दहा फुटांचा आहे आणि दाराच्या समोरच्या भिंतीवर देवघर आहे. कॅमेरा बाजूच्या भिंतीवर लावला तर चेहरा तिरपा येईल. चालेल का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

तिरपा नको. दाराच्याच चौकटीला, कडीच्या बाजूला, साडेपाच-सहा फुटांवर आत तोंड करून लावा. बाबा कडी काढायला हात घालतील तेव्हा चेहरा दोन फुटांवर समोर असेल. वायर चौकटीमागून घ्या, दारात चेपू देऊ नका.