मदत हवी आहे: जुन्या आयपॉडवर रॉकबॉक्स टाकायचंय, पण आतली रेकॉर्डिंग जाता कामा नयेत

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी,

काकांचा जुना आयपॉड माझ्याकडे आलाय. व्हिडिओवाला, ३० जीबी. म्युझिकच्या मेनूत ‘सर्च’ दिसतं, त्यामुळे २००६ चा, म्हणजे लोक ज्याला साडेपाचवी पिढी म्हणतात तो असावा. बॅटरी जेमतेम टिकते, बाकी चाक, स्क्रीन, हेडफोनचा जॅक सगळं ठणठणीत. माझा बराचसा संग्रह फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवता लहान केलेल्या फायली) आहे आणि ॲपलचं फर्मवेअर, म्हणजे आयपॉडचं आतलं सॉफ्टवेअर, फ्लॅक वाजवत नाही. शिवाय चार गाणी टाकायची तरी आयट्यून्सच्या पाया पडा, हे नको झालंय. म्हणून ॲपलच्या फर्मवेअरऐवजी चालणारं मोफत फर्मवेअर, रॉकबॉक्स.

अडचण आतल्या मालाची आहे. सांगलीच्या घरी आजोबांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी होत्या. काकांनी त्या एकेक करून काँप्युटरवर उतरवल्या आणि आयपॉडवर घेतल्या. २०१९ च्या पुरात कॅसेटी गेल्या, काँप्युटरही गेला. आयपॉड तेवढा पुण्यात होता म्हणून वाचला. दुसरी प्रत कुठेच नाही.

तर विचारायचंय ते असं: फ्लॅश करताना, म्हणजे नवं फर्मवेअर लिहिताना, मध्येच काही बिनसलं तर आयपॉडची वीट होते का, म्हणजे तो कायमचा बंद पडतो का? आतल्या फायली पुसल्या जातात का? आणि नाहीच जमलं तर मूळ फर्मवेअरवर परत येता येतं का? लॅपटॉप विंडोजचा आहे, आयट्यून्स टाकलेलं नाही. एका दुकानात विचारलं तर म्हणाले, फोन घ्या की चांगला.

आगाऊ धन्यवाद.

दुपारची झोप:

टाका बिनधास्त. मी दोन-तीन आयपॉडवर टाकलंय, अर्ध्या तासाचं काम आहे. रॉकबॉक्स युटिलिटी उतरवा, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून चालवा, आयपॉड जोडा, इन्स्टॉल दाबा. फायलींना धक्का लागत नाही.

सोल्डरवाला:

झोपसाहेब, थांबा जरा. तुमच्या आयपॉडवर गाणी होती, यांच्याकडे आजोबा आहेत.

कृष्णाकाठ, आधी विटेची भीती काढून टाका. या आयपॉडमध्ये दोन वेगळ्या जागा आहेत. एक छोटी रॉम चिप: सुरुवातीचा बूट कोड, डायग्नोस्टिक्स (तपासण्या) आणि डिस्क मोड (यात आयपॉड काँप्युटरला साध्या डिस्कसारखा दिसतो) तिच्यात असतात. दुसरी हार्डडिस्क: तिच्यावर एक लहान फर्मवेअर पार्टिशन (कप्पा) आणि एक मोठं, गाण्यांचं. रॉकबॉक्सचा बूटलोडर (सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) त्या लहान पार्टिशनमध्ये बसतो आणि बाकीचं रॉकबॉक्स गाण्यांच्या पार्टिशनवर एका साध्या फोल्डरात. रॉमला कोणी हात लावत नाही. लिहिताना केबल निघाली तरी आयपॉड रीसेट करून डिस्क मोडमध्ये येतो आणि पुन्हा लिहिता येतं. मूळ फर्मवेअरही जागेवरच राहतं. रीसेट केल्या केल्या वरचं होल्डचं बटण सरकवलं की ॲपलचं सुरू होतं.

खरा धोका फर्मवेअरचा नाहीच. वीसेक वर्षांची, फिरणारी १.८ इंची हार्डडिस्क आहे तुमच्याकडे, आणि तुम्ही ती ‘जगातली एकमेव प्रत’ म्हणून वापरताय. रॉकबॉक्स टाका वा न टाका, ती एक दिवस जाणारच.

म्हणून आज फक्त एवढं पाहा. मेनू आणि मधलं बटण एकत्र दाबून ठेवा (हेच रीसेट), सफरचंद दिसलं की सोडा आणि लगेच मधलं बटण आणि मागे जायचं बटण दाबून ठेवा. डायग्नोस्टिक्स उघडेल. मॅन्युअल टेस्टमध्ये आयओ, मग हार्डड्राइव्ह, मग एचडी स्मार्ट डेटा. तिथले ‘रीॲलॉक्स’ आणि ‘पेंडिंग सेक्टर्स’ हे दोन आकडे इथे लिहा. बाहेर पडायला पुन्हा मेनू आणि मधलं बटण.

आणि आयट्यून्स टाकू नका! नव्या काँप्युटरवर आयट्यून्स विचारतं की हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, पुसून सिंक करू का. तिथे चुकून ‘हो’ झालं की भजनं गेली. ‘रिस्टोअर’ तर सगळंच धुऊन टाकतं.

कृष्णाकाठ:

बापरे, हे आयट्यून्सचं कोणी सांगितलंच नव्हतं. आकडे पाहिले: रीॲलॉक्स ३८, पेंडिंग सेक्टर्स ४. डिस्क फिरताना मधूनच ‘टिक’ असा बारीक आवाज येतो. ‘अबाउट’मध्ये तळाशी फॉरमॅटपुढे विंडोज लिहिलंय.

सोल्डरवाला:

विंडोज म्हणजे फॅट३२, हे बरं झालं. मॅकवर रिस्टोअर केलेला आयपॉड एचएफएस प्लस या मॅकच्या फॉरमॅटमध्ये असतो, रॉकबॉक्सला ते वाचता येत नाही आणि बदलायचं तर सगळं पुसावं लागतं. तुमची ती कटकट वाचली.

आकडे मात्र चांगले नाहीत. रीॲलॉक्स म्हणजे खराब झाल्यामुळे डिस्कने बदलून घेतलेल्या जागा. पेंडिंग म्हणजे ज्या वाचताना ती अडखळतेय आणि अजून निर्णय झालेला नाही. चार पेंडिंग असताना त्या डिस्कवर एक अक्षरही नवीन लिहू नका. त्यावर गाणी ऐकणंही सध्या बंद.

उबुंटू लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारा) करा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. विंडोजला काही होत नाही. आयपॉड रीसेट करून सफरचंद दिसताच मधलं बटण आणि प्ले दाबून धरलं की डिस्क मोड येतो. त्यात जोडून डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने आख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. पार्टिशनची नाही, आख्ख्या डिस्कची; म्हणजे फर्मवेअर पार्टिशनही त्यातच आलं. डीडीरेस्क्यू आधी सोपं सोपं वाचून घेतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर परत येतं, मरायला टेकलेल्या डिस्कला हेच हवं असतं. लॉग फाइल ठेवायला विसरू नका, मध्ये थांबलं तर तिथूनच पुढे सुरू होतं.

पेंगुळलेला:

यात एक भर. फायली सापडतील पण ओळखू येणार नाहीत. आयपॉड कंट्रोल नावाच्या लपवलेल्या फोल्डरात एफ००, एफ०१ अशा फोल्डरांत गाणी विखुरलेली असतात आणि फायलींची नावं चार अक्षरांची, वाट्टेल ती. एमपी३ असेल तर नाव, गायक वगैरे फाइलच्या आतच टॅगमध्ये असतं, त्यामुळे रॉकबॉक्सच्या डेटाबेसला ते बरोबर कळतं.

पण काकांनी कॅसेटवरून उतरवलेलं वेव्ह या कॉम्प्रेस न केलेल्या फॉरमॅटमध्ये असेल तर? वेव्ह फायलीत आयट्यून्स टॅग लिहीत नाही. नावं फक्त आयपॉडच्या स्वतःच्या यादीत असतात, आणि ती यादी रॉकबॉक्स वाचत नाही. उद्या सगळी भजनं शाबूत असतील आणि कुठलं कोणतं ते एकेक ऐकून ठरवत बसाल.

कृष्णाकाठ:

वेव्हच आहेत बहुतेक. काकांना फोन केला, ते म्हणाले, ‘कॉम्प्रेस करायचं नाही असं ठरवूनच केलं होतं रे.’ एकेक बाजू पाऊण तासाची आहे.

पेंगुळलेला:

काका आपल्यातले आहेत. मग असं करा: इमेज झाल्यावर त्याच उबुंटूत ऱ्हिदमबॉक्स हा म्युझिक प्लेयर उघडा. ते आयपॉडची मूळ यादी वाचतं. तिथून ती रेकॉर्डिंग नावानिशी काँप्युटरवर घ्या, मग फ्लॅक करून टॅग भरा. फ्लॅकमध्ये आवाजाचा एक कणही जात नाही, आकार मात्र बराच कमी होतो. मूळ वेव्ह जपून ठेवाच. आणि खबरदारी म्हणून आयपॉडच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या यादीचे मोबाइलने फोटो काढून ठेवा. बावळटपणा वाटेल, पण कामाला येतो.

दुपारची झोप:

मी माघार घेतो. पण पुढचं मी सांगू का? डिस्क जाणारच असेल तर आयफ्लॅशचा अडॅप्टर (डिस्कच्या जागी कार्ड बसवायची पट्टी) आणि एसडी कार्ड टाका. डिस्कची रिबन केबल नाजूक असते, तेवढी सांभाळा. वजन कमी होतं आणि फिरायचं काही उरत नसल्याने बॅटरीही जास्त पुरते. उघडलाच आहे तर बॅटरीही बदलून घ्या. नव्या कार्डावर एकदा विंडोजच्या आयट्यून्सने रिस्टोअर करा, तिथे पुसण्यासारखं काही नसतंच. मग रॉकबॉक्स.

सोल्डरवाला:

याला +१. जुनी डिस्क फेकू नका, पाकिटात घालून नाव लिहून ठेवा.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे आभार. इमेज झाली. दोन-तीन ठिकाणी वाचता आलं नाही, पण त्या जागा हिंदी सिनेमाच्या गाण्यांत निघाल्या. भजनं सगळी आली. ऱ्हिदमबॉक्समध्ये नावंही दिसली: ‘आषाढी, बाजू अ’ वगैरे, सगळी काकांच्या रोमन स्पेलिंगात. एक प्रत माझ्याकडे, एक चुलतभावाकडे पाठवली. कार्ड आणि बॅटरी बसवून रॉकबॉक्सही टाकलं, त्याने काही त्रास दिला नाही.

फक्त एक राहिलं. टॅग मी हौसेने देवनागरीत भरले, तर स्क्रीनवर नुसते चौकोन दिसतात.

पेंगुळलेला:

रॉकबॉक्सचा फाँटचा जादा संच टाका आणि सेटिंग्जमध्ये युनिफाँट हा फाँट निवडा, चौकोन जातील. पण अक्षरं जुळणार नाहीत. रॉकबॉक्स देवनागरी अक्षरं नुसती एकापुढे एक मांडतं, त्यामुळे ‘हरिपाठ’मधली वेलांटी ‘र’च्या आधी न येता नंतर लटकते आणि ‘भक्ती’तला ‘क्त’ हलन्त घेऊन फुटतो. काकांचं रोमन स्पेलिंग परत भरा, देवनागरी टॅग काँप्युटरवरच्या प्रतीत राहू द्या. आणि पाऊण तासाच्या बाजू ऐकताय तर ‘बुकमार्क ऑन स्टॉप’ चालू करा, जिथे थांबवाल तिथून पुढे लावता येतं.

कृष्णाकाठ:

रोमन केलं, बुकमार्कही चालू केला. काका विचारतायत, आवाज कॅसेटसारखा थोडा मऊ करता येईल का?

सोल्डरवाला:

साउंड सेटिंग्जमध्ये इक्वलायझर आहे, वरचा (तीक्ष्ण आवाजाचा) पट्टा थोडा खाली घ्या. हेडफोनवर ऐकत असतील तर क्रॉसफीडही (डावा-उजवा आवाज थोडा एकमेकांत मिसळणं) लावून पाहा. कॅसेटची खरखर हवी असेल तर ती रेकॉर्डिंगमध्ये असणारच.