व्हीलचेअर तलवारबाजी: खुर्ची, अंतर, वर्गवारी

प्रश्न (हडपसर): धाकट्या बहिणीला व्हीलचेअर तलवारबाजीतलं फॉइल (तलवारीच्या तीन प्रकारांपैकी एक) शिकायचंय. स्पर्धेपर्यंत जायचं तर कशाकडे लक्ष द्यावं?

उत्तर १: दादा, आधी फ्रेम, म्हणजे खुर्ची जखडून ठेवणारा सांगाडा. खुर्ची मधल्या पट्टीशी 110 अंशांत घट्ट आवळतात. क्लॅम्प (आवळायची पकड) सैल राहिला की लंजला, म्हणजे पुढे झेपावून वार करताना, खुर्ची सरकते, दोघींमधलं अंतर बिघडतं. दर लढतीआधी हाताने हलवून बघा.

उत्तर २: अंतर असं मोजतात: एकीचा शस्त्राचा हात कोपरात काटकोनात, दुसरीचा सरळ. फॉइलमध्ये सरळ हातातल्या शस्त्राचं टोक पहिलीच्या कोपराच्या आतल्या बाजूला टेकावं. एपे, सेबर या दुसऱ्या दोन तलवारींना बाहेरच्या. एकमत नसेल तर आखूड हाताची खेळाडू अंतर ठरवते. बहिणीचा हात आखूड असेल तर हा हक्क सोडू नका!

उत्तर ३: वर्गीकरण, म्हणजे शारीरिक क्षमतेनुसार स्पर्धेचा गट ठरवणं, लवकर करून घ्या. बसल्यावर धडावर चांगला ताबा असेल तर ए, कमी असेल तर बी. सी गट (चारही हातापायांवर गंभीर परिणाम असलेल्यांचा) पॅरालिम्पिकमध्ये नाही. आणि सीटवरून उठून वार केला की दंड, ही सवय पहिल्यापासून मोडा.