मदत हवी आहे : जुन्या रिळात चित्रकाराचे हात वितळतायत

एका दिवंगत चित्रकारावर माहितीपट करतेय. घरच्यांकडे 8 मिमीची मूक रिळं सापडली. डिजिटल करून आणली, तर हा शांत माणूस पडद्यावर तुरुतुरु पळतोय! मूळ चित्रण सेकंदाला 16 फ्रेमचं (फ्रेम म्हणजे एकेक स्थिर चित्र), संपादनाच्या सॉफ्टवेअरमधली माझी टाइमलाइन 25ची. वेग 64 टक्के केला की चाल सुधारते, पण कमी पडणाऱ्या मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने रचल्या की कुंचला धरलेली बोटं मेणासारखी वितळतात. आणि मला नेमकी तीच बोटं हवीयत. त्याऐवजी मूळच्याच काही फ्रेम परत लावल्या तर हालचालीला झटके बसतात. शिवाय यंत्राने रचलेलं दृश्य जुनं चित्रण म्हणून दाखवायचं, हेही मनाला पटत नाही. कोणी अशी रिळं हाताळलीयत का? झटके तसेच ठेवू का?