कॅलिपरला कुठलं ग्रीस कुठे लावायचं

या चर्चेत वर एकांनी सुचवलंय की बाइकच्या डिस्क ब्रेकचा कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उघडलाच आहे तर सगळीकडे साधं ग्रीस लावा. कृपया तसं करू नका. पिस्टनचे सील बहुधा ईपीडीएम रबराचे असतात आणि साध्या, म्हणजे पेट्रोलियम ग्रीसने ते फुगतात. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला किंचित मागे ओढतो तो हाच चौकोनी काटछेदाचा सील, तिथे वेगळी स्प्रिंग नसते. सील फुगला की पॅड डिस्कला घासत राहतात, डिस्क तापते. म्हणून सील बसवताना ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल किंवा खास रबर ग्रीसच वापरा.

आपल्याकडच्या बहुतेक दीडशे सीसी गाड्यांचा कॅलिपर पिनांवर सरकतो. त्या पिनांना सिलिकॉन ग्रीस, तेही पातळच. पिनेवरचा रबरी बूट (टोपण) ग्रीसने ठासून भरला तर पिन नीट आत जात नाही. पॅडच्या पाठीला, पिस्टन टेकतो तेवढ्याच जागी, उष्णता सोसणारी सिरॅमिक पेस्ट पुसटशी लावा. घर्षणाच्या बाजूला ग्रीस मुरलं असेल तर पॅड बदलाच, घासून वाचवू नका.

आणि गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन आत ढकललेले असतात, पहिले काही दाब पोकळच जातात.